नारळ उभा राहिला नव्हता

लिहून ठेवणार मी, शिवलिंगप्पा महादप्पा बिराजदार, वय अदमासे एकाहत्तर, धंदा शेती आणि पूर्वी पाणाड्याचा, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवायचा. गाव वळसंगच्या बाजूचं, हल्ली मुक्काम सोलापूर, नवी पेठेच्या मागे, मुलाच्या घरी. डोळ्यांना कमी दिसतं, पण डोकं ठिकाणावर आहे; काल बाजारात तुरीचा भाव मीच पाडून घेतला. मला कोणी धाक घातलेला नाही की काही पाजलेलं नाही. मी सांगतो आणि वेणीमाधव मास्तर लिहितात.

कलम १. साडेचार एकर कोरडवाहू जमीन मुलगा बसवराज व मुलगी रुद्राणी यांना निम्मी निम्मी. हक्क सोडल्याचा कागद भावानं बहिणीपुढं करू नये.

कलम २. गावच्या घरात पत्नी मायाक्का हयात असेतो चूल तिचीच राहील. आमटीत तिखट किती, हे तिला कोणी शिकवू नये.

कलम ३. विहीर फोडायची हत्यारं, घण, सुतकी, छिन्न्या, बसवराजाला. पहार पुतण्या सिदूला दिली. तशी ती बारा वर्षं त्याच्याकडेच आहे, आता निदान चोरीची राहणार नाही.

कलम ४. ट्रंकेत गुलाबी फेटा आहे. आमच्या रीतीप्रमाणं मला बसवून पुरतील, तेव्हा हौसेनं तो माझ्या डोक्याला बांधतील. बांधू नये. तो माझा नाही. ख्रिस्ती वस्तीचा आहे, तिला परत करावा. का, ते खाली लिहिलं आहे. मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात असलं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, लिवा तुमी.

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्या बायका तीन कोस जाऊन पाणी आणत. गावच्या विहिरीला त्यांना शिवू देत नव्हते. त्यांचे कास्पर फादर परदेशातून आलेले, तीस वर्षं आमच्यात राहिलेले. गावानं त्यांचं काशप्पा करून टाकलं होतं. ते माझ्या दारी आले आणि म्हणाले, वस्तीसाठी जागा दाखवा.

आदल्याच दिवशी गावचे मोठे जमीनदार, मालक महिपतराव, येऊन गेले होते. "वड्याकाठी हीर पाडली तर माजी आटंल. त्यास्नी माळावर जागा दाव," असं म्हणाले आणि पांढऱ्या ज्वारीची दोन पोती ओसरीवर टाकून गेले. रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीला, मिलोला, नातवंडं विटली होती. मी पोती आत घेतली. मालक आता नाहीत, मेलेल्याच्या माथी मी काही मारत नाही. जीभ माझीच होती.

दुसऱ्या दिवशी तळहातावर आडवा नारळ ठेवून माळावर फिरलो. खाली पाणी असलं की नारळ आपसूक उभा राहतो. माळाखाली सगळा एकसंध पाषाण, नारळ कशाला हलतोय! मीच बोटांनी त्याला टेकू दिला आणि खुणेला दगडावर चुना मारला. ओढ्याकाठी पाणी कुठं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वस्ती खणू लागली. साठीचे फादर झगा कमरेला खोचून खाली उतरत, घमेली वर देत. सदतीस दिवस हे चाललं. मी रोज तिकडची वाट टाळून शेताला जात होतो. अडतिसाव्या दिवशी पाषाण फुटला आणि गुडघाभर पाणी आलं. ती विहीर अजून आटलेली नाही. वस्तीनं मला बोलावून नारळ दिला, आणि फादरांनी स्वतःच्या हातानं हा फेटा बांधला. त्यानंतर मी कोणालाही पाणी दाखवलेलं नाही.

शहात्तर साली फादर इथल्या दवाखान्यात शेवटच्या दुखण्यानं पडले होते. भेटायला गेलो. ते म्हणाले, "शिवलिंगप्पा, त्या दिवशी नारळ उभा राहिला नव्हता. मी पाहिले होते."

मी विचारलं, "मग खणलं कशापायी, फादर?"

"तुम्ही येऊन खरी जागा सांगाल, असे रोज वाटत होते. पाणी तुमच्याआधी आले."

मी तिथंच रडलो. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

यंदा दसऱ्यानंतर पुण्याहून दोन पाद्री आले. फादरांना संत ठरवायचं म्हणून साक्षी लिहून घेत होते. त्यांनी विचारलं, जागा कोणी दाखवली? मी म्हणालो, मीच. "मग यात फादरांचं विशेष ते काय?" असं म्हणून त्यांनी चमत्कारांच्या यादीतल्या विहिरीवर काट मारली. मी तोंड उघडलं नाही. लेकाची अब्रू, नातीचं लग्न, सगळं आडवं आलं.

म्हणून कलम ५. माझ्या मरणानंतर हा कागद विहिरीवर वस्तीसमोर वाचावा आणि एक नक्कल त्या पाद्र्यांना द्यावी. फादर संत होते की मीच कच्चा पाणाड्या होतो, हे त्यांनी ठरवावं. आयुष्यात माझा दुसरा अंदाज चुकलेला नाही, एवढं त्यांना सांगावं.

कलम ६. दरवर्षी माझ्या शेतातली दोन पोती ज्वारी वस्तीला पोचवावी. पांढरी.

पुरवणी, त्याच दिवशी. साक्षीदार म्हणून वस्तीतला जोतीराम बोलावला होता. फादरांबरोबर त्यानं सदतीस दिवस खणलं आहे. मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं.  त्यानं सही केली आणि तो म्हणाला, "मेल्यावर कशाला, काका? हाय तवर या की तितं."

तेव्हा कलम ५ रद्द. येत्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर विहिरीवर यातलं सगळं मी स्वतःच्या तोंडानं सांगणार. फेटा हातात घेऊन, बोडक्या डोक्यानं जाईन. पाद्र्यांना आजच पत्र टाकलं आहे. फादरांनी माझी सदतीस दिवस वाट पाहिली, त्यानंतर पाच वर्षं मीच सांगायचं लांबवलं. आता बास.

सही : शिवलिंगप्पा महादप्पा बिराजदार

समक्ष साक्षीदार :
१. वेणीमाधव पुजारी, निवृत्त शिक्षक
२. जोतीराम पेत्रस कांबळे, विहीर खणणारा

सोलापूर, गुरुवार, २३ नोव्हेंबर १९७८