लेन्सच्या आतली तारीख

महाल, नागपूर
४ मार्च २०२४

चि. सौ. वच्छला हिस कवडूचे अ. उ. आ.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जोडतेस, म्हणून पत्रच बरं. उमरेडच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरची लेन्स दुरुस्तीला आली आहे. उजेड कमीजास्त करणारी आतली एक पात तुटली आहे. असे भाग आता बनत नाहीत. तशाच दुसऱ्या मेलेल्या लेन्समधून काढावे लागतात. लेन्सचं नाव वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. कळमेश्वरच्या भंगारवाल्यांकडे बघशील का? घासाघीस करण्यात तुझा हात कोण धरणार!

कौशल्याचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. इकडचा लोभ आहेच, तिकडचाही असू दे.

तुझा दादा

कळमेश्वर
११ मार्च

ती. दादास वच्छलाचा सा. न. वि. वि.

लेन्स मिळाली. भंगारवाल्याने ती पितळी भांड्यांच्या पोत्यात टाकली होती. सोबत तुझ्याकडे असतात तसे बारीक पेचकस आणि चिमटे होते, गंजके वाटले म्हणून घेतले नाहीत. माझ्या पंकजच्या हाती लेन्स पाठवते. वहिनीच्या गुडघ्यांना तेल चोळून देत जा, तुझे हात झिजणार नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

वच्छला

महाल
१५ मार्च

चि. सौ. वच्छला हिस अ. आ.

लेन्स उघडली आणि हात थांबले. लेन्स उघडली की आतल्या रिंगेवर सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची, ही माझी रीत. ती मी एकट्या दुर्गेशला शिकवली. आत ‘दु’ आहे. तारीख १९ डिसेंबर २०२३. सावनेरचा स्टुडिओ सोडल्यापासून माझ्या पोराचा पत्ता नव्हता, आणि तो तुझ्याच गावात!

गिऱ्हाइकाच्या चालू लेन्समधला भाग त्याने दुसरीला लावला, म्हणून मी दुकानात चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली होती. त्याच दिवशी तो घर सोडून सावनेरला स्टुडिओत कामाला गेला. त्याला अकरा वर्षं झाली. मी कौशल्याला लगेच सांगून बसलो. तो आला की पाटोडी करायची म्हणून तिने डाळ दळून आणली. लेन्स कोणी विकली ते विचार. घाई कर.

दादा

कळमेश्वर
२१ मार्च

ती. दादास सा. न.

बसून वाच. भंगारवाल्याने मला आणि पंकजला गावाबाहेरच्या एका घरी पाठवलं. दुर्गेश तिथे दोन वर्षं खोली घेऊन राहत होता, कॅमेरे दुरुस्त करायचा. जानेवारीत न्यूमोनियाने गेला. घरचं कोणी ठाऊक नव्हतं, शेजाऱ्यांनीच अग्नी दिला. खोली रिकामी करताना सामान भंगारात गेलं. मी दीड कोसावर होते, दादा, आणि मला कळलं नाही.

घरमालकीण पुष्पलताबाईंनी आजारपणात त्याला विचारलं होतं, घरी कळवू का. तो म्हणाला, “बापानं बोलावलं तं आजच जाईन. पण त्यानं मले कधी बोलावलंच नाही.” हे मला उमगलं नाही. तो सावनेरला होता तेव्हा तू तीनदा माणूस पाठवला होतास ना, आणि तोच येत नाही म्हणाला ना?

वहिनीला जप. ३१ तारखेला, रविवारी येते.

वच्छला

महाल
२५ मार्च

चि. सौ. वच्छला हिस,

मी कोणालाच पाठवलं नव्हतं. कौशल्या रडायची, म्हणून माणूस पाठवला असं तीनदा खोटं सांगितलं. आधी त्याने माफी मागावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती इतकी वर्षं पोरालाच दगड म्हणत राहिली. कालही म्हणाली, मरतानाही त्याला आईची आठवण आली नाही.

रविवारी ती तुला विचारेल. पुष्पलताबाईंनी सांगितलं ते तिला जसंच्या तसं सांग. माझ्या तोंडून निघत नाही. मी तिथेच बसलेला असेन.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही.

कवडू