नदीखालून पलीकडे

बाबा, गेल्या महिन्यात मी नदीच्या खालून एका देशातून दुसऱ्या देशात गेलो. होडी नाही, पूल नाही. तुमची नात अमेरिकेत शिकते, तिला भेटायला ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाहून गेलो होतो. तिच्या शहराला लागून नदी आहे, पलीकडच्या काठाला कॅनडा, आणि नदीच्या तळाखालून मोटारींचा बोगदा. मध्यावर भिंतीवर दोन देशांचे झेंडे, मधे एक रेघ. तुम्ही होडी लोटण्याआधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावायचात. इथे पाणी डोक्यावर होतं, म्हणून मी वर बघून हात जोडले. पोरगी हसली. "बाबा, रिलॅक्स! लंचला चाललोय आपण." पलीकडे खिडकीतल्या बाईने विचारलं, कशासाठी? जेवायला, पोरीने सांगितलं. बाईने पासपोर्ट परत दिले. एवढंच. पुढे हॉटेलात मी ताट अर्धंच ठेवलं. पोरीला वाटलं, जेवण अळणी आहे म्हणून.

मला आपली तरीची होडी दिसत होती. मी बारावीत होतो. तुम्हाला ताप होता, म्हणून वल्हं माझ्या हातात, तुम्ही मागे घोंगडीत. एक माणूस धावत आला. मी त्याला म्हटलं, थांबा, आणखी चार जण येऊ देत. तो पलीकडे, गोव्याच्या काठावर, बहिणीच्या मयताला निघाला होता. तुम्ही घोंगडी फेकून उठलात. "मयताक जाणाऱ्याक थांबवतंस? सोड होडी!" त्या एकट्यासाठी तुम्ही तापात वल्हं मारलंत. येतानाही ते माझ्या हातात दिलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मला ऑस्ट्रेलियात दोन वर्षं झाली होती. कायमच्या व्हिसाचा अर्ज केलेला होता. मी दादाला फोनवर सांगितलं, निकाल येईपर्यंत देश सोडला तर परत घेत नाहीत. हे अर्धंच खरं होतं. वर्कशॉपमधला म्हातारा फोरमन दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मेट, जाऊन परत यायची परवानगी मिळते. मागून तर बघ. बाप आहे तुझा." फॉर्मही त्यानेच आणून दिला. अग्नी द्यायला नाही, पण तेराव्याला पोचलो असतो. मागायला जावं आणि व्हिसावाल्यांनी मूळ अर्जातच काही खोट काढावी, या भीतीने मी तो फॉर्म भरला नाही. रोज शिफ्टला जात राहिलो. फोरमनने विचारलं तेव्हा सांगितलं, परवानगी नाही दिली.

घरी आई आल्यागेल्याला सांगत होती, "तेका सरकारान सोडूक नाय, नायतर माझो झील रवलो नसतो." आई तेच खरं मानून गेली. दादा अजून गावात तेच सांगतो, कुणी टोमणा मारला तर माझ्या बाजूने भांडतो. देवासमोर मी हे कितीदा बोललो आहे. दादाला मात्र सांगता येत नाही. बोगद्यातून आल्यावर दोनदा फोन लावला, आंब्याचं विचारलं आणि ठेवला. तो ऐकून गप्प बसला तर मला सोसणार नाही, बाबा. तुम्ही गप्पच आहात, म्हणून तुम्हाला लिहिलं.