सगळ्यांची जन्मतारीख एक जून

सुलतानपूर, ५ जानेवारी २०२६

चि. समता हिस सप्रेम जयभीम. वि. वि.

खेड्यातल्या गुरुजनांनो, असं म्हणून मी सुरुवात केली की तू हसतेस. हस. पण आपल्या शाळांच्या पदरात कुणीतरी टाकून दिलेलंच येतं, हे दुखणं तुझ्यासारख्या वरवट बकालच्या मुख्याध्यापिकेलाही ठाऊक आहे. तुझ्या शाळेनं मुलांसाठी फुकटचं ई-मेल घेतलं म्हणे. फुकट आहे म्हणून माझा विरोध नाही. पत्रं राहणार कुठे आणि किल्ली कुणाजवळ, हे विचारलंस का? तुझी काकू म्हणते, रिटायर होऊनही मी शाळा तपासून राह्यलो.

माया आहे तशीच राहू दे.
देवानंदकाका

वरवट बकाल, १६ जानेवारी

ती. काकाजींस सविनय जयभीम.

भाषण पोस्टानं पोचलं, टाळ्या इथूनच वाजवल्या. सगळं विचारलं हो! तीन ठिकाणचं ताडून पाहिलं आणि जाहिराती नसलेलं निवडलं. पासवर्ड कुणी विसरू नये म्हणून प्रत्येकाची जन्मतारीखच ठेवली, आम्हा शिक्षकांचीसुद्धा.

एक मनातलं सांगते. नववीतली प्राची वर्गात तोंड उघडत नाही, तिनं मला ई-मेल लिहिला. पंधरावं लागलंय आणि वडील लग्न जुळवून राह्यले. मॅडम, मले शिकाचं हाय, असं लिहिलंय. माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. वडिलांशी सवडीनं बोलेन.

काकूंच्या गुडघ्यांची खबर कळवा, आमची आठवण ठेवा.
समता

सुलतानपूर, २४ जानेवारी

चि. समता,

फोन दोन दिवस लागत नाही, म्हणून लिहितो. जन्मतारीख? माझी एक जून. तुझ्या बापाची एक जून. तुझं नाव शाळेत घालताना गुरुजींनी काही न विचारता तुझीही एक जूनच लिहिली. त्या काळात शाळेत गेलेल्या निम्म्या गावाची तीच आहे! तुझं खातं उघडायला फक्त वर्षाचा अंदाज पुरे. मी कंपनीवर संशय घेत बसलो, आणि किल्ली तूच चौकात टांगलीस. हे वाचताक्षणी पासवर्ड बदल.

काका

वरवट बकाल, ३ फेब्रुवारी

ती. काकाजी,

पत्र काल मिळालं. पोस्टाला फार दिवस लागतात, म्हणून हे एस.टी.च्या कंडक्टरजवळ देतेय. पासवर्ड बदलला, पण उशीर झाला. प्राची आठ दिवस शाळेत नाही. आज फाटकाशी तिचे वडील गोकुळभाऊ उभे होते. अगदी शांतपणे नमस्कार केला. मग म्हणाले, पोरीले शिकाचं हाय, हे तुम्ही मले काऊन नाही सांगतलं? शब्द तिच्या ई-मेलमधलेच, काकाजी. रविवारी लग्न आहे, जेवाले या, असं सांगून हसत गेले.

घराला बाहेरून कुलूप असतं. आत पोरगी खोकताना ऐकू येते, असं शेजारच्या वच्छलाबाई सांगतात. तिनं विश्वास माझ्यावर टाकला होता. जाऊन गोकुळभाऊंचे पाय धरू का?

समता

सुलतानपूर, ५ फेब्रुवारी

समता,

तुझा भाऊ धम्मरत्न हे पत्र घेऊन मोटारसायकलवर निघतोय. पाय कुणाचे धरू नकोस. गोकुळला आणखी एक सूचना मिळाली, तर रविवारची वाट तो पाहणार नाही. पोरीला रातोरात दुसऱ्या गावी नेईल. आपण आयुष्यभर समजावत आलो. समजावणाऱ्याच्या पाठीमागे पोरी उजवून टाकल्या जातात, हे मी चाळीस वर्षं पाहिलंय. तुझी चूक तू नंतर उगाळ.

धम्मरत्न समोर उभा असेल. त्याला पाणी नंतर विचार. तुझा फोन अजून लागत नाही आणि पोरीचं घर तुलाच ठाऊक, म्हणून त्याच्याच फोनवरून, आत्ता, मुलांच्या मदतीचा १०९८ लाव आणि प्राचीचं नाव, वय, घर सांग.

काका