पिकअप उजवीकडं दीड बोट खाली

१२ नोव्हें., बुधवार
सेलूच्या वाघमारेभाऊनं आज इकाची गाडी पाह्यली. बाजाराच्या डांबरी रोडवर समोरून उभे राह्यले, एक डोळा बंद केला. "उजवी बाजू दीड बोट खाली हाय, नंदूभाऊ. ठोकली होती का?"
म्हटलं ठोकली नाई हो, सरकीच्या ढेपीचे पोते वाहून वाहून बसली.
"मंग सरळ करून ठेवा. २३ ले, रयवारी, आंजीले घरीच येतो. सरळ दिसली तर नेतो."
सावंगीले दवाखान्याच्या स्टोअरात १ डिसेंबरले नोकरीवर हजर व्हाचं हाय. तिथंच खोली घेऊन राहा लागन. अन् बाबाची अट एकच: आधी गाडी इक, मंग पाय काढ. अडतीस वर्षाचा घोडा मी, न् एका पिकअपच्या चाकाले बांधून ठेवलेला.

१३ नोव्हें., गुरुवार
वर्ध्याच्या रफिकमिस्त्रीले फोन. म्हणे या गाडीले समोर स्प्रिंगचे पाटे नाईत, लांब सळाख हाय. तिचा बोल्ट कसला का सळाख पिळते न् ती बाजू उचलते. "घरीच कर. जॅकवर घेजो, बोल्ट फिरवजो, खाली सोडून गाडी हलवजो, मंग मापजो. फक्त जागा सपाट पाह्यजे."
बाबा बाजीवर बसून आयकत होते. फोन ठेवला तसे बोलले, "आपल्या अंगणाएवढी सपाट जागा अख्ख्या आंजीत नाई. मी न् तुया आईनं कोबा केला हाय हा."
नोकरीचं सांगितल्यापासून पह्यल्यांदा स्वतःहून बोलले.

१५ नोव्हें., शनिवार
दिवसभर गाडीखाली. बोल्ट गंजलेला, जळकं ऑइल सोडून दोन घंटे वाट पाह्यली. बाबानं माळ्यावरून गवंडीकामाची, सपाटी पाहाची पाणीनळी काढली, धुतली, भरली. एक टोक डाव्या मडगार्डाले, एक उजव्या. पाणी सांगे, उजवी तीन बोट खाली. म्हटलं वाघमारेभाऊ तर दीड म्हणत होते? "तो त्याचा डोळा. हे पाणी हाय," बाबा.
मंग कसत गेलो. कस, सोड, हलव, माप. संध्याकाळी दोनी टोकाले पाणी बरोबर. बाबानं पाठीवर हात ठेवला. आई गेल्यावर हे असं काई झालं नव्हतं. मले लय बरं वाटलं, लिहून ठेवतो.

१६ नोव्हें., रयवार
वर्ध्याले ढेप आणाले गेलो. स्टेअरिंग सारखं डावीकडं ओढे. पेट्रोल पंपाच्या काचेत गाडी दिसली. डावी बाजू खाली! दीड बोट! म्हणजे रोग तोच, कूस बदलली.
घरी येऊन बाबाले सांगितलं. "पंपाची जागा वाकडी असन." पुन्हा नळी लावली. अंगणात पाणी बरोबर. माह्या डोक्याचं भजं झालं.

१८ नोव्हें., मंगळवार
वैशाली अंगण धुवून राह्यली होती. मी पायरीवर, नळी हातात, येड्यासारखा. ती म्हणे, "जरा पाय वर घ्या." पाणी आलं, गाडीखालून गेलं, न् सगळं तुळशीच्या कोपऱ्यात जमा.
"हे नेहमी तिकडंच जाते?"
"बारा वर्ष झाले, रोज तिथूनच लोटतो मी."
"मंग शनिवारी बोलली काऊन नाई?"
"मामंजींचं अंगण वाकडं हाय म्हणून मी सांगू? तुमी सांगितलं असतं?"
नसतं सांगितलं. गाडीची उजवी बाजू तुळशीकडं असते. उतारावर उभी करून मी तिले सरळ करत होतो.

१९ नोव्हें., बुधवार
जेवताना सहज विचारल्यासारखं केलं. बाबा, कोबा करताना उतार कोणीकडं ठेवला होता?
भाकर मोडत मोडत म्हणे, "तुळशीकडं. ढाळ देल्याशिवाय कोबा होते का?"
म्हणजे माहीत होतं! नळी धुतानाही माहीत होतं, पाठीवर हात ठेवतानाही. वैशालीनं माह्याकडं पाह्यलं न् वरण वाढलं.
संताप आला. असा का ताट फेकून द्यावं. मंग त्यायचा हात दिसला, शनिवारी पाठीवर ठेवला होता तोच, वरणात भाकर चुरत होता. भाकर संपवून उठलो. बोलाले पाह्यजे होतं. या घरात कोणीच काऊन बोलत नाई?

२१ नोव्हें., शुक्रवार
सकाळीच गाडी धर्मकाट्यावर नेली. ट्रक मोजाचा काटा, तो तर सपाट असलाच पाह्यजे. काटेवाला ओळखीचा, म्हणे गर्दी नाई, घे करून. बोल्ट अर्धा वापस. दोनी बाजू एक झाल्या. मंग रफिककडं चाकाचं अलाइनमेंट. पवनारपर्यंत पळवून पाह्यली, स्टेअरिंग सोडलं तरी सूतात चालते. एकटाच गाणं म्हणत आलो.
बाबानं गाडी आत घेताना पाह्यली, आले, फाटक लावलं. चाबी मागितली, "राहू दे माह्यापाशी." देऊन टाकली. काऊन देली?

२३ नोव्हें., रयवार
वाघमारेभाऊ आले हायेत. बाहेर चहा पिऊन राह्यले. गाडीचे कागद काढतो म्हणून मी आत आलो, न् हे लिहून राह्यलो.
झालं असं. आले, गाडीसमोर उभे राह्यले, एक डोळा बंद. "होती तशीच हाय की हो. उजवीकडं दीड बोट."
म्हटलं रोडवर घेऊ, तिथं पाहा. बाबाकडं पाह्यलं. बाबानं चाबीच्या खिशावर हात ठेवला. "रोडवर कायले? आपलं अंगण सूतात हाय. मी सोता बांधलं. काय रे नंद्या?"
सगळे माह्याकडं पाहू लागले. वाघमारेभाऊ, बाबा. बाबाच्या डोळ्यात मी कधी पाह्यलं नाई असं काईतरी. धाक नव्हता तो. हात जोडल्यासारखं होतं.
हो म्हटलं तर वाघमारेभाऊ चालले, सावंगी चालली. नाई म्हटलं तर परक्या माणसासमोर बापाले खोटं पाडलं, त्याच्या न् आईच्या कोब्यासकट.
"कागद आणतो," म्हटलं.
कागद मांडीवर हायेत. बाहेरून बाबाचा आवाज, "नंद्या, सापडले का?"
वैशाली दारात उभी हाय. अंगण धुवाची बादली गच्च भरून आणली तिनं. कोणाले आयकू जाऊ नये असं हळू विचारते, "ओतू का?"