सभासद क्रमांक एकची तीनशे बारा पाकिटं

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (राग आला म्हणून नमस्कार गाळायचा नाही, हेही तुमचंच शिक्षण). गुडघा कसा आहे? कसाही असला तरी आधी बसून घ्या, कारण मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे.

ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये लूप लिहायचं पहिलंच काम मला मिळालं: पुस्तक परत न केलेल्या प्रत्येक सभासदाला एक स्मरणपत्र छापायचं. लूप तर तुम्ही मला दहाव्या वर्षीच जेवणाच्या टेबलाभोवती शिकवला होतात. एका खुर्चीसमोर एक ताट, खुर्च्या संपल्या की थांब. मी तसंच लिहिलं: पत्र छाप, शेवटचा सभासद झाला की बाहेर पड. (थांबायची अट तीनदा तपासली. गॅस बंद आहे का ते मी चारदा बघते, तुम्हाला माहीतच आहे.) पण मामा, तेव्हा माझ्यामागून तुम्ही दरवेळी "हं, पुढची खुर्ची!" म्हणत होतात, आणि तो धड्याचाच भाग आहे हे एका शब्दाने बोलला नाहीत! संगणकामागे कुठला मामा उभा असतो? क्रमांक एकाने वाढवायची ओळ मी लिहिलीच नाही. तो पठ्ठ्या पहिल्याच खुर्चीपुढे ताटं रचत बसला. तीनशे बारा पत्रं, सगळी सभासद क्रमांक एकला. थांबला तोही कागद संपला म्हणून. मी जेवून येईपर्यंत टपालवाल्या काकांनी सगळी पाकिटात घालून, चिकटवून रवानाही केली होती. ("मला वाटलं, कुणी बडं माणूस असेल," म्हणे!) ग्रंथपालबाईंनी बजावलंय, "त्या सभासदाची तक्रार आली, तर सोमवारी तुला नोकरीत कायम करायचा कागद मी फाडणार." तुमच्या त्या "पुढची खुर्ची"पायी माझीच खुर्ची जायची वेळ आली आहे.

तुमची नाइलाजाने आज्ञाधारक,
भाची

ता. क. सभासद क्रमांक एक तुम्हीच आहात. पोस्टमनवर ओरडू नका. आणि पाया पडते, तक्रार करू नका.

आणखी एक. तुमच्या नावावर थकलेलं पुस्तक म्हणजे तुम्ही माझ्यासाठी ग्रंथालयातून आणलेलं प्रोग्रॅमिंगचं. ते माझ्याच कपाटात सापडलं. माझी खूण लूपच्या धड्याच्या पहिल्या पानावर आहे. आज पान उलटलं. समासात तुमच्या पेन्सिलीने लिहिलंय: "इथे मामा नसेल. पुढची खुर्ची तूच म्हणायची." (ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिलंत, मामा! हा राग मात्र मी मागे घेणार नाही.)