आहेराचं पाकीट

ब्रॅम्पटन, शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काकांच्या ग्रोसरीत मी कॉलेजपासून आहे. पगार रोख, आहेराच्या पाकिटात, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. तेव्हा म्हणायचे, "स्टुडंटला कसला टॅक्स!" वर्क परमिट आल्यावर मी विचारलं, आता टॅक्स, पेन्शन कापणार ना? "अगं, आपल्या माणसांत कसले कागद!" मी गप्प बसले. का बसले? पाकिटावर 'शुभाशीर्वाद' छापलेलं म्हणून?

इथे कायम राहायच्या पीआरच्या अर्जाला नोकरीचा पुरावा लागतो, म्हणून आज वर्षभराच्या पगाराचा टी-फोर दाखला मागितला. काका काउंटर पुसत म्हणाले, "तू नोकरीला कुठे होतीस? घरच्यासारखी मदत करत होतीस." काकूंनी वर लाडू बांधून दिले. तेही घेऊन आले मी, मूर्ख!

आमच्याकडे लग्नात आहेरसुद्धा वहीत नावानिशी लिहितात. काकांनी तेवढंही केलं नाही.