निषेधाच्या बॅनरवरचा तुझा फोटो

चि. निकेश,

मामाचा आशीर्वाद. तुझा गुडघा बरा असेल, जेवण वेळेवर मिळत असेल आणि रात्री सायरन वाजत नसतील, असं धरून चालतो. इकडे पनवेलात सगळे ठीक. तुझी आईही ठीक आहे, असं ती स्वतः सांगते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. (मोठा करून वाच, माझं अक्षर तुला ठाऊक आहे.)

तर बॅनरचं. तू ज्या बंदरात क्रेन चालवतोस त्या देशाने लढाई पुकारली, हे बातम्यांत ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आपल्याकडे पोरगा दहावी पास झाला तरी नाक्यावर बॅनर लागतो, मग एवढ्या मोठ्या युद्धाचा निषेध बिनबॅनरचा कसा करायचा? सुभाषच्या दुकानात 'या युद्धाचा जाहीर निषेध' एवढं लिहून दिलं आणि खाली घरच्यांचे नेहमीचे फोटो टाक म्हणालो. त्याने तुझ्या बहिणीच्या हळदीच्या बॅनरवरची अख्खी रांग उचलली. त्यात तू, गॉगल लावून, हात जोडून, ज्या देशाचं खातोस त्याचाच निषेध करताना. (वरच्या कोपऱ्यात फुगेही राहून गेले.) मी पाहिलं ते बॅनर चढल्यावर, आणि खरं सांगतो, तेव्हा मला तू छानच दिसलास.

पुढचं तूच शेवटच्या फोनवर सांगितलंस. कुणीतरी फोटो पुढे पाठवला आणि तो फिरत फिरत तुझ्या मुकादमाच्या हातात पडला. त्याचे दोन्ही मुलगे लढाईवर गेलेले. तो ओरडलासुद्धा नाही. "तुझ्या मामाला माझ्या गावाचं नाव तरी माहीत आहे का?" एवढंच त्याने तुला विचारलं, आणि तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही. निकेश, मला ते नाव माहीत नव्हतं. शेजारचा काशिराम तर आपल्या ओटीवर बसून मला सुनवत होता, की आधी बॉम्ब मुकादमाच्या देशातल्या गावांवर पडले, तेव्हा तू कुठे होतास, आपण बाहेरच्यांनी पंख्याखाली बसून शहाणपण शिकवू नये. मला राग आला.

उत्तर तुझ्या आईने दिलं. भामा जवळा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माझा पोऱ्या तिथं हाय. मंग मी बाहेरची कशी?" आणि थोड्या वेळाने, "त्या मुकादमाची पोरंपन कुना आईची हायत. त्यांना 'जाऊ नका' बोलायला घरचाच मानूस लागतो का, मला नाय समजत." काशिराम चहा न घेताच उठला.

युद्ध चूकच, हे मी अजूनही म्हणतो. पण ते म्हणण्याआधी त्या माणसाला त्याच्या मुलांची खुशाली विचारायला हवी होती. ती विचारली नाही, याची मला लाज वाटते. माझ्या वतीने त्याची माफी माग.

तुझा,
दिनानाथमामा

ता. क. बॅनर उतरवला. निषेधाचा भाग, फुग्यांसकट, अंगणात वाळत घातलेल्या मासळीवर झाकायला घेतला. तुझा फोटो तेवढा कापून भामाने ओटीवर लावलाय.

ता. क. मुकादमाच्या मुलांची नावं कळव. गावदेवीला द्यायला भामाने तीन नारळ आणून ठेवलेत आणि नावं घेतल्याशिवाय ती ते फोडणार नाही.

ता. क. माफीचं मागाहून बघू. काल वेणूआजी देवळातून आली. तिला आता धड दिसत नाही. ओटीवर तुझा फोटो बघून तिने हातातलं फूल त्याला वाहिलं आणि हात जोडले. भामाने ते फूल ओरबाडून अंगणात फेकलं आणि तिथेच खाली बसून रडली. फोन उचल, बाबा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तिच्याशी बोल.